दाराबाहेरचे पहिले पंधरा दिवस

तुरुंगाचे दार माणसाला आत घेण्यासाठी उघडते, तसेच त्याला बाहेर सोडण्यासाठीही उघडते. आत जाण्याचा प्रसंग गाजावाजाचा असतो. पोलीस, वकील, न्यायाधीश, वृत्तपत्रे या साऱ्यांचे लक्ष त्याकडे लागलेले असते. बाहेर येण्याचा प्रसंग मात्र फारसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. हातात कपड्यांची एक पिशवी, खिशात असतील-नसतील तेवढे पैसे आणि समोर रस्ता, एवढ्यावर तो आटोपतो. सुटणारा माणूस अफूच्या जातीच्या पदार्थांचा व्यसनी असेल, तर त्याच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ नेमका याच क्षणी सुरू होतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला आता नीट उमगलेली आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या धोक्याकडे पाहण्याची दृष्टी गेल्या शंभर वर्षांत कशी बदलत गेली, याचा इतिहास उद्बोधक आहे. तो औषधांचा इतिहास आहे आणि न्यायालयांचाही आहे. परंतु त्याहून अधिक तो खर्चाचा इतिहास आहे. कैद्याच्या उपचारांचा भार कोणी सोसायचा, या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे ठाऊक असलेले औषधही कित्येक वर्षे तुरुंगाच्या दाराबाहेरच राहिले.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारे कैदी राज्य सरकारच्या अथवा संघ सरकारच्या कारागृहांत असतात व त्या कारागृहांना ‘प्रिझन’ म्हणतात. ‘जेल’ हा शब्द तेथे स्थानिक तुरुंगासाठी राखलेला आहे. भारतातही जिल्हा कारागृह आणि येरवड्यासारखे मध्यवर्ती कारागृह असा भेद आहे. पण दोहोंचा कारभार व खर्च राज्य सरकारकडेच असतो. अमेरिकेतील जेल मात्र बहुधा काउंटीचे, म्हणजे स्थूलमानाने एखाद्या जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या स्थानिक सरकारचे असते. त्याचा कारभार बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला शेरीफ पाहतो. मुंबईचा शेरीफ, अर्थात नगरपाल, हा केवळ मानाचा धनी. अमेरिकन काउंटीतील शेरीफ हा पोलीसप्रमुख, तुरुंगाधिकारी आणि स्थानिक राजकारणातील वजनदार असामी, अशा तिहेरी नात्याने वावरतो. तुरुंगाचा खर्च घरपट्टीसारख्या स्थानिक करांतून भागवावा लागतो. त्यामुळे सधन काउंटीतील तुरुंग आणि निर्धन काउंटीतील तुरुंग यांत फार मोठे अंतर पडते.

अशी स्थानिक तुरुंगांची संख्या सुमारे तीन हजार आहे. २०२२ व २०२३ या वर्षांच्या मध्यावर घेतलेल्या मोजणीत त्यांत साडेसहा लाखांहून अधिक माणसे होती. परंतु हा आकडा फसवा आहे. कारण येथे माणसे टिकून राहत नाहीत. एकट्या २०२२ साली या तुरुंगांत ७० लाखांहून अधिक वेळा माणसे आत घेतली गेली. सरासरी मुक्काम सुमारे एका महिन्याचा. दर दहांपैकी सात जण कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे. २००७ ते २००९ या काळात केलेल्या सरकारी पाहणीत, शिक्षा झालेल्या स्थानिक कैद्यांपैकी सुमारे ६३ टक्के लोक अमली पदार्थांच्या व्यसनाच्या वैद्यकीय कसोटीला उतरले. याचा अर्थ असा की, व्यसनी माणसाची आणि सरकारची गाठ जेवढी या दारात पडते तेवढी कोणत्याही रुग्णालयात पडत नाही. तरीही दीर्घकाळ या गाठीचा उपयोग उपचारासाठी झाला नाही.

याचे मूळ शोधण्यासाठी १९१४ सालापर्यंत मागे गेले पाहिजे. त्या वर्षी हॅरिसन कायदा संमत झाला. कायदा करविषयक होता. अफू व कोका यांपासून केलेल्या पदार्थांच्या व्यवहाराची नोंद ठेवावी व त्यावर कर भरावा, असा त्याचा वरकरणी हेतू. धंद्याच्या ओघात डॉक्टरने औषध म्हणून ते पदार्थ देण्यास त्यात मोकळीक होती. पण व्यसनी माणसाला त्रास होऊ नये एवढ्याचसाठी मॉर्फीन लिहून देणे हा वैद्यकीय व्यवहार होऊ शकतो काय? १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर नकारार्थी दिले. त्या सुमारास अनेक शहरांत व्यसनी लोकांसाठी दवाखाने निघाले होते. लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथील दवाखाना डॉ. विलिस बटलर यांनी नेटाने चालवला होता. संघ सरकारच्या दडपणाखाली तोही १९२३ मध्ये बंद झाला. जो काल रुग्ण होता तो आज आरोपी ठरला. आणि त्याच्या वाट्याला दवाखान्याऐवजी कोठडी आली.

परिणाम लवकरच दिसू लागला. संघ सरकारची कारागृहे व्यसनी कैद्यांनी भरून गेली व तुरुंगाधिकारी मेटाकुटीस आले. तेव्हा १९२९ साली काँग्रेसने, म्हणजे तेथील प्रतिनिधिमंडळाने, अशा कैद्यांसाठी दोन स्वतंत्र संस्था काढण्याचा कायदा केला. पहिली संस्था केंटकी राज्यात लेक्झिंग्टन येथे १९३५ साली सुरू झाली, दुसरी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९३८ साली. लेक्झिंग्टनच्या संस्थेला लोक ‘नार्कोटिक फार्म’ म्हणत. हजार एकरांच्या आसपास जमीन, गोठा, शेती, कारखाने, आणि त्यांच्या जोडीला डॉक्टर व संशोधक. शिक्षा झालेले कैदी आणि आपण होऊन दाखल झालेले रुग्ण तेथे एकाच छपराखाली राहत. स्वच्छ हवा, नियमित काम आणि शिस्त यांनी माणूस बरा होईल, अशी संस्थापकांची श्रद्धा होती. संस्थेत असेपर्यंत तो बराही होई. १९६२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेथून न्यूयॉर्कला परतलेल्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पुन्हा व्यसनात सापडले होते आणि त्यांतील बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच. उपचार संस्थेच्या कुंपणापाशी संपत होते. माणूस मात्र आपल्या जुन्या गल्लीत, जुन्या सोबतींत आणि जुन्या बेकारीत परत जात होता.

लेक्झिंग्टनला निदान डॉक्टर तरी होते. काउंटीच्या तुरुंगात तेही नसत. व्यसन एकाएकी तुटले की अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते, घाम व थंडी यांनी माणूस हैराण होतो. हे सारे कोठडीच्या फरशीवर सोसणे, एवढाच काय तो तेथील उपचार. कॅलिफोर्निया राज्यात तर व्यसनी असणे हाच गुन्हा होता आणि त्यासाठी किमान ९० दिवसांचा तुरुंगवास सांगितलेला होता. लॉस एंजेलिसमधील लॉरेन्स रॉबिन्सन या तरुणाला हीच शिक्षा झाली. त्याच्या अपिलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून १९६२ मध्ये दिला. व्यसन हा आजार आहे आणि आजारी असण्याबद्दल शिक्षा देणे हे क्रूर होय, असा त्या निकालाचा आशय होता. साध्या पडशाबद्दल एक दिवसाचा तुरुंगवासही अन्यायाचाच ठरेल, अशी उपमा न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांनी योजली. निकाल ऐतिहासिक होता. परंतु ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो रॉबिन्सन ऑगस्ट १९६१ मध्येच अमली पदार्थाच्या अतिमात्रेने मृत्यू पावला होता. न्यायालयाला ही वार्ता निकालानंतर कळली. व्यसन हा आजार आहे, हे तत्त्व मान्य झाले. तथापि अमली पदार्थ जवळ बाळगणे हा गुन्हा राहिलाच. आणि आजार म्हटल्यावर त्यावर औषध कोणते व त्याचा खर्च कोणाचा, हे प्रश्नही तसेच राहिले.

औषधाचा प्रश्न लवकर सुटला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी १९६४ च्या सुमारास मेथाडोन या औषधावर काम सुरू केले. निस्वांडरबाईंनी पूर्वी लेक्झिंग्टन येथे नोकरी केली होती आणि तेथील अपयश जवळून पाहिले होते. मेथाडोन हेही अफूच्याच गुणधर्माचे द्रव्य आहे. परंतु ते तोंडाने घेता येते, त्याचा परिणाम दिवसभर टिकतो आणि योग्य मात्रेत घेतल्यास नशा न येता हेरॉइनची ओढ शमते. मधुमेही माणूस रोज इन्शुलिन घेतो आणि आपल्या कामाला लागतो, तसाच व्यसनी माणूसही रोज औषध घेऊन कामाला लागू शकेल, हा त्यांचा विचार. त्यांचा पहिला महत्त्वाचा प्रबंध अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे डोल यांनी न्यूयॉर्क शहराच्या तुरुंगातील मूठभर कैद्यांवर एक प्रयोग केला. काहींना सुटकेच्या अगोदरच औषध सुरू करून दिले, काहींना दिले नाही. १९६९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना औषध मिळाले नाही ते जवळजवळ सर्व पुन्हा हेरॉइनकडे व तुरुंगाकडे वळले. ज्यांना मिळाले त्यांतील बहुसंख्य सावरले. प्रयोग लहान होता, पण त्यातून मिळणारा इशारा स्पष्ट होता. असे असूनही न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरील तुरुंगात कैद्यांना मेथाडोन चालू ठेवण्याची नियमित योजना सुरू होण्यास १९८७ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे देशातील बहुतेक तुरुंगांनी तिचे अनुकरण केले नाही.

हे असे का झाले, याचे एक मोठे कारण त्याच १९६५ सालात सापडते. डोल-निस्वांडर यांचा प्रबंध छापून येण्याच्या महिन्याभर आधी, ३० जुलै १९६५ रोजी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, वृद्ध माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या उपस्थितीत एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या आरोग्ययोजना अस्तित्वात आल्या. मेडिकेडचा खर्च संघ सरकार व राज्य सरकारे मिळून उचलतात. गरिबांच्या उपचारांसाठी अमेरिकेने उचललेले हे फार मोठे पाऊल होते. परंतु कायद्यात एक अपवाद घातलेला होता. सार्वजनिक संस्थेत बंदिस्त असलेल्या माणसाच्या उपचारांसाठी संघ सरकार पैसे देणार नाही. त्याला बाहेरच्या रुग्णालयात दाखल केले तर गोष्ट वेगळी. तुरुंगांचा खर्च राज्ये व काउंट्या आधीपासून करीतच होत्या. तो भार आपल्या अंगावर येऊ नये, असा संघ सरकारचा हिशेब होता. हिशेब म्हणून तो वावगा नव्हता. पण त्याचा अर्थ असा झाला की, गरीब माणसाला रस्त्यावर असताना मिळणारा औषधोपचाराचा आधार तो तुरुंगाचा उंबरठा ओलांडताच गळून पडे. मग तो शिक्षा झालेला असो की केवळ जामिनाचे पैसे नसल्यामुळे अडकलेला कच्चा कैदी असो.

पुढे १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निर्णय दिला. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाबाह्य आहे, असे त्याने सांगितले. त्यामुळे अमेरिकेत कैद्याला वैद्यकीय उपचारांचा घटनात्मक हक्क मिळाला. हक्क आला, त्याच्या पाठोपाठ पैसा मात्र आला नाही. काउंटीवर कर्तव्य पडले आणि तिजोरी पूर्वीचीच राहिली. अनेक काउंट्यांनी खाजगी कंपन्यांना उपचारांचा मक्ता दिला. ठरावीक रकमेत सारे भागवायचे म्हटल्यावर, ज्याच्या अभावी माणूस आज मरत नाही असे औषध पहिल्यांदा वगळले जाते. व्यसनावरील औषधाची गणना बहुतेक ठिकाणी त्यातच झाली. शिवाय तुरुंगात गेलेल्या माणसाचे मेडिकेडचे नाव अनेक राज्यांत यादीतून सरळ काढून टाकले जाई. सुटल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा कागदपत्रे, पुन्हा प्रतीक्षा. त्यात आठवडे जात.

मधल्या काळात मदतीचे काही झरे वाहू लागले. १९९४ च्या मोठ्या गुन्हेविषयक कायद्यात कैद्यांच्या निवासी व्यसनमुक्तीसाठी राज्यांना अनुदान देण्याची तरतूद झाली. मात्र ती मुख्यतः राज्यांच्या कारागृहांसाठी होती. राज्याने आपल्या वाट्यातील किमान दहा टक्के रक्कम स्थानिक तुरुंगांना उपलब्ध करून द्यावी, एवढाच काय तो स्थानिक तुरुंगांचा अधिकार. ९ एप्रिल २००८ रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ‘सेकंड चान्स’ कायद्यावर सही केली. सुटलेल्या माणसाला काम, निवारा, मार्गदर्शन व व्यसनमुक्तीचे उपचार मिळावेत यासाठी राज्ये, काउंट्या आणि सेवाभावी संस्था यांना त्यातून अनुदाने मिळू लागली. दोन्ही पक्षांनी पाठिंबा दिलेला हा कायदा होता. पण अनुदानाचा स्वभावच असा की, ते मागावे लागते, मुदतीपुरते मिळते आणि मुदत संपली की योजनाही गुंडाळावी लागते. आजार वर्षानुवर्षांचा आणि पैसा दोन-तीन वर्षांचा, असा हा विजोड होता.

दरम्यान, २००७ साली एका संशोधनाने या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांत मांडले. वॉशिंग्टन राज्याच्या कारागृहांतून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांहून अधिक माणसांचा मागोवा संशोधकांनी घेतला होता. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूची शक्यता राज्यातील इतर रहिवाशांच्या मानाने जवळजवळ तेरा पट होती. आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यू येण्याची शक्यता १२९ पट होती. याचे कारण समजण्यास कठीण नाही. शरीराला हेरॉइनची सवय असते तेव्हा ते मोठी मात्राही सोसते. तुरुंगात काही आठवडे खंड पडला की ही सवय मोडते, परंतु मनाची ओढ मोडत नाही. बाहेर आलेला माणूस जुन्या हिशेबाने जुनी मात्रा घेतो आणि तीच त्याला प्राणघातक ठरते. पुढे बाजारात हेरॉइनच्या जागी त्याहून कितीतरी पट तीव्र असे फेंटानिल आले, तेव्हा तर चुकीला जागाच उरली नाही. अमेरिकेत २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी अतिमात्रेने मरणाऱ्यांची संख्या एक लाखावर गेली होती.

या अंधारात पहिला ठळक दिवा ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील सर्वांत लहान राज्याने लावला. त्या राज्यात काउंटीचे तुरुंग नाहीत. कच्चे कैदी आणि शिक्षा झालेले कैदी सारे राज्य सरकारच्याच ताब्यात असतात. त्यामुळे खर्च कोणाचा, हा वाद तेथे उद्भवला नाही. गव्हर्नर जीना रायमोंडो यांच्या कारकिर्दीत राज्याने अंदाजपत्रकात २० लाख डॉलर वेगळे काढले आणि २०१६ साली योजना सुरू केली. आत येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायची. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन या तीन औषधांपैकी जे योग्य असेल ते द्यायचे. आणि सुटकेच्या वेळी बाहेरच्या दवाखान्याशी गाठ घालून द्यायची. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत राज्यात अतिमात्रेने मेलेल्या १७९ जणांपैकी २६ जण नुकतेच तुरुंगातून सुटलेले होते. २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांत एकूण १५७ मृतांपैकी असे केवळ ९ होते. सुटलेल्यांमधील असे मृत्यू सुमारे ६१ टक्क्यांनी घटले, असा संशोधकांचा हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील दोन शेजारी काउंट्यांची कथाही बोलकी आहे. फ्रँकलिन आणि हॅम्पशायर या दोन्ही काउंट्या ग्रामीण वळणाच्या आहेत आणि दोहोंतील लोकांची स्थिती जवळजवळ सारखी आहे. फ्रँकलिनच्या तुरुंगात २०१६ पासून ब्युप्रेनॉर्फिन मिळू लागले; हॅम्पशायरमध्ये ते २०१९ पर्यंत मिळत नव्हते. कोणी मुद्दाम प्रयोग मांडला नव्हता, तरी प्रयोग आपोआप घडून आला. दोन्ही तुरुंगांतून सुटलेल्या व्यसनी माणसांची तुलना २०२२ साली प्रसिद्ध झाली. फ्रँकलिनमधून सुटलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के लोक पुन्हा कायद्याच्या कचाट्यात सापडले होते, तर हॅम्पशायरमधील हे प्रमाण सुमारे ६३ टक्के होते. जे लोक तुरुंगाचा खर्च केवळ नगद हिशेबाने पाहतात त्यांनाही या दोन आकड्यांतील अंतर विचार करायला लावणारे आहे. कारण परत येणारा प्रत्येक कैदी काउंटीच्या तिजोरीवर पुन्हा भार टाकतो.

जेथे शेरीफ स्वखुशीने वळले नाहीत तेथे न्यायालयांनी त्यांना वळवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एसेक्स काउंटीच्या तुरुंगाविरुद्ध एका रुग्णाला निकाल मिळाला. तो बाहेर मेथाडोन घेऊन सावरलेला होता. तुरुंगात ते बंद होणार होते. २०१९ मध्ये मेन राज्यातील अरूस्टुक काउंटीच्या बाबतीत असाच निकाल लागला आणि वरिष्ठ न्यायालयाने तो उचलून धरला. अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या १९९० च्या कायद्याचा आधार या निकालांना होता. डॉक्टरने दिलेले औषध सरसकट नियमाच्या जोरावर तोडणे, हा त्या रुग्णाशी केलेला भेदभाव आहे, अशी न्यायालयांची भूमिका होती.

अखेर पैशाची ती जुनी अट सैल होऊ लागली. २०१४ पासून मेडिकेडची व्याप्ती अनेक राज्यांत वाढली होती. त्यापूर्वी मुलेबाळे नसलेला धडधाकट गरीब पुरुष बहुतेक राज्यांत या योजनेत बसतच नसे. आता असे लाखो लोक बसू लागले आणि १९६५ चा अपवाद अधिकच खटकू लागला. २०१८ साली काँग्रेसने सुटकेपूर्वीच्या काही दिवसांसाठी तो सैल करण्याची वाट काढण्यास सांगितले. २६ जानेवारी २०२३ रोजी कॅलिफोर्निया राज्याला पहिली परवानगी मिळाली. सुटकेपूर्वीच्या ९० दिवसांत, काउंटीच्या तुरुंगातसुद्धा, ठरावीक उपचारांसाठी मेडिकेडचा पैसा वापरता येईल, अशी ती परवानगी होती. ज्या राज्यात एके काळी व्यसनी माणसाला ९० दिवसांची कोठडी मिळे, त्याच राज्यात आता ९० दिवसांचे उपचार मिळण्याची सोय झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये संघ सरकारने सर्व राज्यांसाठी नियम घालून दिले. प्रत्येक कैद्यामागे त्याची प्रकरणे पाहणारा कार्यकर्ता, व्यसनावरील औषध व समुपदेशन, आणि सुटताना हातात तीस दिवसांची औषधे, एवढे तरी दिलेच पाहिजे असे त्यात म्हटले आहे. पुढील दोन वर्षांत आणखी अनेक राज्यांना अशा परवानग्या मिळाल्या. तसेच कैद्याचे नाव मेडिकेडच्या यादीतून काढून न टाकता केवळ तात्पुरते स्थगित ठेवावे, असे बंधन १ जानेवारी २०२६ पासून सर्व राज्यांवर आले.

पैशाचा दुसरा एक ओघ अनपेक्षित दिशेने आला. अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांचा बेसुमार प्रसार केल्याबद्दल राज्यांनी व काउंट्यांनी औषधकंपन्यांवर दावे लावले होते. जुलै २०२१ मध्ये तीन मोठे घाऊक विक्रेते आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी २६०० कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. नंतरच्या तडजोडी धरता एकूण रक्कम ५००० कोटी डॉलरच्या वर गेली. हा पैसा अनेक वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळावयाचा आहे, आणि तुरुंगातील लोकांच्या उपचारांचा निर्देश तडजोडीतील मान्य खर्चांच्या यादीत आहे. १९९८ साली तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीचा पैसा राज्यांनी मोठ्या प्रमाणात भलतीकडेच वळवला होता. तो अनुभव ताजा असल्यामुळे या वेळी बंधने अधिक कडक घातली गेली. तथापि यादीत नाव असणे निराळे आणि काउंटीच्या सभेत प्रत्यक्ष रक्कम मंजूर होणे निराळे. नवी मोटार, नवी कोठडी, नवे यंत्र यांची मागणीही त्याच सभेत त्याच पैशांवर येते.

या साऱ्या उपक्रमांवर आक्षेपही आहेत व ते सगळेच उडवून लावण्यासारखे नाहीत. एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन दिले जाते, हा जुना आक्षेप. अनुभवाने त्याचे बळ बरेच ओसरले आहे. तुरुंगात दिलेले औषध कैद्यांमध्ये चोरून विकले जाईल, ही तुरुंगाधिकाऱ्यांची भीती खरी आहे. म्हणून औषध समोर उभे राहून घ्यायला लावणे, अथवा महिनाभर टिकणारे इंजेक्शन देणे, असे उपाय निघाले. सर्वांत विचार करण्याजोगा आक्षेप उलट बाजूने येतो. चांगले उपचार तुरुंगातच मिळू लागले आणि गावात मिळेनासे झाले, तर गरिबाला दवाखाना गाठण्यासाठी आधी बेडी घालून घ्यावी लागेल. या आक्षेपाला उत्तर एकच आहे. तुरुंगातील उपचार हा गावातील उपचाराचा पहिला टप्पा असला पाहिजे, त्याचा पर्याय नव्हे. आत सुरू केलेले औषध बाहेर दुसऱ्या दिवशी मिळाले नाही, तर आतला सारा खर्च वाया जातो.

सुटका झालेल्या माणसाच्या अडचणी वरकरणी क्षुल्लक वाटतात. ओळखपत्र हरवलेले असते, त्यावाचून दवाखान्यात नाव लागत नाही. दवाखाना दहा-वीस मैलांवर असतो आणि ग्रामीण काउंटीत बस नसते. कित्येक ठिकाणी सुटका रात्री-अपरात्री होते. त्या वेळी उघडे असते ते फक्त अमली पदार्थ विकणाऱ्याचे दुकान. राहायला जागा नसली की जुनेच सोबती आश्रय देतात. म्हणून जाणती तुरुंगखाती आता सुटकेच्या दिवसाची आखणी आधीपासून करतात. दाराशी कोणी न्यायला येईल काय, रात्र कोठे काढायची, उद्याची गोळी कोठे मिळेल, हे प्रश्न आतच सोडवले जातात. पूर्वी स्वतः व्यसनी असलेला व आता सावरलेला एखादा माणूस पगारी सोबती म्हणून दिला जातो. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. नियमित पगार मिळणारी माणसे लागतात, आणि नेमके त्याच पगाराचे पैसे आजवर कोणत्याच खात्यात बसत नव्हते.

हा इतिहास पूर्ण झाला आहे असे म्हणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या पुढील वर्षांच्या खर्चाला मोठी कात्री लावली आणि अनेक प्रौढांना महिन्याकाठी ८० तास कामाची अट घातली. नुकत्याच सुटलेल्या माणसाला त्या अटीतून काही काळ सवलत आहे. परंतु सवलतीचे दिवस संपल्यावर नोकरी न मिळालेल्या माणसाचे औषध चालू राहील की नाही, हे राज्याराज्यांच्या कारभारावर अवलंबून राहील. एका हाताने उघडलेले दार दुसऱ्या हाताने लोटले जाण्याचा धोका अशा रीतीने कायम आहे.

श्रीव्हपोर्टचा दवाखाना बंद झाला त्याला आता शतक उलटून गेले. या काळात अमेरिकेने व्यसनाला गुन्हा म्हणून पाहिले, शेतावर नेऊन सुधारू पाहिले, आजार म्हणून मान्य केले, त्यावर औषध शोधले आणि ते तुरुंगात देणे भाग आहे असे न्यायालयांकडून ऐकले. एवढे सारे होऊनही सामान्य कैद्याच्या आयुष्यात फरक पडला तो, त्या औषधाच्या खर्चाला एका कायम स्वरूपाच्या खात्यात जागा मिळू लागली तेव्हा. ज्या काउंटीत तशी जागा झाली तेथे सुटलेला माणूस तीस दिवसांची औषधे आणि दवाखान्याचा पत्ता घेऊन बाहेर पडतो. जेथे झालेली नाही तेथे तो आजही कपड्यांची पिशवी घेऊनच बाहेर पडतो. पुढच्या पंधरा दिवसांत तो जगेल की नाही, हे त्या फरकावर बरेचसे अवलंबून असते.